आठ वर्षांच्या मुलीसाठी ७ फूट ३ इंच × ९ फूट १० इंच खोली पुरेल का?

खिडकीपाशी:
ठाण्यात दीड बीएचके घेतोय. त्यातली 'अर्धी' खोली मुलीला द्यायची आहे. आतून माप ८७ × ११८ इंच, स्लॅब साडेनऊ फुटांवर. दार ८७ इंचांच्या भिंतीत डाव्या कोपऱ्यात, ३० इंची, आत उघडतं. समोरच्या भिंतीत ४ × ४ फुटांची सरकती खिडकी, तिचा कट्टा ३ फुटांवर. पलंग, कपाट, अभ्यासाचं टेबल हवं आहे. आज बसेल, पण ती पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावरही ही खोली चालेल का? सुतार वर पलंग आणि खाली टेबल असं सुचवतोय.

गुण्या_ओळंबा:
चालेल. एकाच मुलासाठी, आणि फर्निचर आजच पूर्ण मापाचं केलंत तर.

आधी नियमाचं बोलू. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ प्रमाणे राहण्याच्या दोन खोल्या असतील तर एक किमान ९.५ चौरस मीटर आणि दुसरी किमान ७.५ चौरस मीटर, रुंदी २.१ मीटर हवी. तुमची खोली ६.६ चौरस मीटर भरते, रुंदी २.२. म्हणजे रुंदी पास आहे, क्षेत्रफळ साधारण दहा चौरस फुटांनी कमी. मंजूर नकाशात ही खोली कोणत्या नावाने दाखवली आहे ते पैसे देण्याआधी बघा. स्टोअर किंवा बंद केलेली बाल्कनी असेल तर बाहेरची भिंत बहुधा चार इंचीच असते. ती उन्हाळ्यात तापते आणि पावसाळ्यात ओल धरते, आणि या खोलीत पलंग त्याच भिंतीला टेकणार असेल तर ते मुलीलाच सोसावं लागणार.

आता मांडणी. ७८ × ३६ ची गादी घ्या, चौकटीसकट पलंग ८१ × ३९ होतो. तो उजव्या लांब भिंतीला, दाराच्या भिंतीपासून सुरू. डावीकडे ४८ इंच उरतात. डाव्या भिंतीला पहिले ३२ इंच दाराच्या पल्ल्याला सोडा, मग ३६ इंच रुंद आणि २० इंच खोल कपाट, मग ३० इंच खुर्चीला, आणि खिडकीखाली २० इंच खोल टेबल. बेरीज करून पाहा: ३२ + ३६ + ३० + २० = ११८. एक इंचही शिल्लक नाही, त्यामुळे 'थोडं मोठं करू' असं सुतार म्हणाला तर त्याला कुठलं माप कमी करणार ते विचारा.

कपाट आणि पलंगामध्ये २८ इंच वाट राहते. कपाटाला सरकते पल्ले नकोत, त्यांच्या चॅनलमुळे खोली तीन-चार इंच वाढते आणि वाट २४ वर येते. १८-१८ इंचांचे दोन उघडणारे पल्ले बसतात. आणि दाराच्या बिजागऱ्या कोपऱ्याकडच्या बाजूलाच हव्यात, म्हणजे दार उघडून डाव्या भिंतीला टेकेल. उलट्या असतील तर ते आधी बदला. खर्च फार नाही, पण ते केल्याशिवाय बाकी मांडणी जमत नाही.

बिल्डरच्या ब्रोशरमधल्या मापावर काही बनवू नका. खोल्या गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसतात. प्रत्येक भिंत जमिनीलगत, कमरेशी आणि डोक्याशी अशी तीनदा मोजा, सगळ्यांत लहान आकडा धरा, त्यातून स्कर्टिंगची जाडी वजा करा. नंतर मास्किंग टेपने सगळं फर्निचर जमिनीवर आखा आणि खरोखर वावरून बघा.

खिडकीपाशी:
इतकं नेमकं सांगितल्याबद्दल आभार. बिजागऱ्या कोपऱ्याकडेच आहेत. पण वरच्या पलंगाने जमीन मोकळी होईल असं वाटतं. शिवाय आजी येते तेव्हा झोपायला जागा हवी. खालून ओढून काढायचा पलंग केला तर?

पंखा_आणि_वायर:
वरचा पलंग या खोलीत करू नका. कारण मापातच आहे.

पंख्याचा हूक सहसा खोलीच्या मध्यावर, म्हणजे पलंगाकडच्या भिंतीपासून ४३.५ इंचांवर असतो. ४८ इंची पंख्याची पाती मध्यापासून २४ इंच जातात, म्हणजे भिंतीपासून १९.५ इंचांपर्यंत. पलंगाची कड ३९ वर. म्हणजे जवळजवळ वीस इंच पलंगाच्या वर पाती फिरणार. ३६ इंची पंखा लावला तरी साडेतेरा इंच फिरतातच. खाली टेबलाशी नीट बसायचं तर वरच्या गादीचा पृष्ठभाग साडेपाच फुटांच्या पुढे जातो, आणि पाती सुमारे साडेआठ फुटांवर. गादीवर उभं राहून अंथरूण झटकणाऱ्या मुलीचा हात तिथे सहज पोचतो. छताचा पंखा काढून भिंतीचा लावला तरच विचार करता येईल, पण एप्रिल-मे मध्ये तापलेली हवा छताशीच साठते आणि मुलगी तिथेच झोपणार.

कुठेही असा पलंग केला तरी: सहा वर्षांखालील मूल वर नको, कठडा गादीच्या वर निदान पाच इंच हवा, आणि फटी साडेतीन इंचांपेक्षा मोठ्या नकोत. पाच इंचांऐवजी आठ इंची गादी टाकली की कठडा असून नसल्यासारखा होतो. ही चूक फार होते.

खालच्या पलंगासाठी या खोलीत ३६ इंची पंखा पुरेसा आहे. प्लगचे पॉइंट टेबलाच्या वर, जमिनीपासून ३४ इंचांवर घ्या, टेबलामागे दडवू नका. पलंगाच्या उशाशी एक वेगळा, दिव्याच्या बटणासकट. एसी लावलात तर लक्षात ठेवा, स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. इतक्या छोट्या बंद खोलीत हवा लवकर कोंदट होते. दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट असू द्या आणि झोपण्यापूर्वी खिडकी उघडून हवा खेळू द्या.

गुण्या_ओळंबा:
ओढून काढायच्या पलंगाचं: तो निदान ३० इंच बाहेर यायला हवा, कपाटासमोर वाट २८ आहे. अर्ध्यातच अडकेल.

आजीसाठी खिडकीकडची पट्टी वापरा. पलंगाच्या पायथ्यापासून खिडकीपर्यंत ३७ इंच आणि आडवे पूर्ण ८७ इंच मोकळे आहेत, खुर्ची बाहेर काढली की ७२ × ३० ची गादी आडवी पडते. तिचा काही भाग टेबलाखाली जाईल, म्हणून टेबलाला पुढचे पाय नकोत, भिंतीत लोखंडी ब्रॅकेट घ्या. भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे सच्छिद्र हलक्या सिमेंटच्या विटांची, असेल तर साधा प्लास्टिकचा प्लग काही महिन्यांत सैल होतो, त्या ब्लॉकसाठीचे लांब प्लग मागा. आजींचे गुडघे दुखत असतील तर मात्र त्यांना पलंग द्या आणि मुलगी खाली झोपेल. जमिनीवरून उठणं हीच त्या वयात खरी अडचण असते.

रंधा_आणि_पटाशी:
सुतारकामाकडून थोडं.

सामान पलंगात ठेवायचं तर गादीची फळी वर उचलणारा हायड्रॉलिक पंप टाळा. पंप फळी आणि गादीच्या वजनावर निवडावा लागतो. हलक्या सिंगल गादीला जोरदार पंप लागला तर फळी नीट खाली बसत नाही, आणि मुलांची बोटं सापडण्याची भीती असतेच. खालच्या बाजूला १८ इंच खोल दोन ड्रॉवर करा. २८ इंचांच्या वाटेत त्याहून लांब ड्रॉवर उघडला तर समोर पाय ठेवायला जागा राहत नाही. ड्रॉवरमागचा भिंतीकडचा भाग गादीखालची फळी उचलून वापरता येतो, तिथे जादा पांघरुणं.

कपाट २० इंच खोल म्हणजे आत १९ मिळतात. मोठ्यांचा हँगर १७-१८ इंचांचा, तो बसतो. आतले खण मात्र पक्के करू नका. खणाच्या बाजूंना छिद्रांची ओळ मारून घ्या, म्हणजे आज तीन कप्पे आणि पुढे पंजाबी ड्रेस टांगायला उभी जागा, दोन्ही त्याच कपाटात होतं. कपाट वर भिंतीला एल ब्रॅकेटने बांधलंच पाहिजे. मुलं खणांवर चढतात.

बाहेरच्या भिंतीला लागून काही येत असेल तर मागे दीड-दोन इंच हवा सोडा, नाहीतर ठाण्याच्या पावसात पाठीमागे बुरशी धरते. टेबलाचा प्लाय खिडकीखाली आहे म्हणून बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा, घ्या आणि चारही कडा बंद करा. पावसाची झड सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधून आत येते तेव्हा कडेनेच प्लाय फुगतो. काम झाल्यावर दोन-तीन आठवडे खिडकी-कपाट उघडी ठेवा, गोंद आणि पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत मुलीला तिथे झोपवू नका.

पाच फुटी, गाडीच्या किंवा राजवाड्याच्या आकाराचे पलंग दुकानात छान दिसतात. आठव्या वर्षी मूल चार फुटांच्या पुढे गेलेलं असतं, तो पलंग तीन-चार वर्षांत जातो.

निळी_पाटी:
टेबलाची उंची २८ इंच ठेवा आणि वय वाढेल तशी खुर्ची बदलती ठेवा. खुर्ची इतकी वर घ्या की कोपर टेबलाच्या पातळीला येईल. मग आठ वर्षांच्या मुलीचे पाय लोंबकळतात, म्हणून सात-आठ इंचांचा पाट पायाखाली द्या आणि उंची वाढेल तसा तो कमी करत न्या. बरेच पालक खुर्ची खाली घेतात, मग मूल खांदे उचलून लिहितं.

खिडकीखाली टेबल म्हणजे चढायला पायरी, हे विसरू नका. ग्रिल भिंतीत पक्कं हवं, गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी. आडवे गज नकोत, उभे घ्या. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, म्हणजे १६ पैकी ८ चौरस फूट. जमल्यास जाळीसह तीन ट्रॅकची करून घ्या.

पलंगाच्या पायथ्याशी उरलेला ३९ × ३७ इंचांचा कोपरा आज रिकामाच राहू द्या. सुतार तिथे हमखास शोकेस सुचवेल. आठव्या वर्षी तिथे बसकर टाकून खेळता येतं, दहावीत तिथे १२ इंच खोल पुस्तकांची मांडणी येईल. आणि दाराला आतून साधी कडी ठेवा, बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलीला जागेपेक्षा दार लावता येण्याची गरज जास्त असते, आणि सत्तर चौरस फुटांत ती भागते. गटाने अभ्यास, नाचाचा सराव, मैत्रिणी, हे सगळं हॉलमध्येच होईल, तेव्हा हॉलमधला टीव्ही कुठे आणि कधी लागणार याचा विचार आत्ताच करा.

खिडकीपाशी:
टेप लावून पाहिलं. कपाटाशी २८ ऐवजी २७ भरतात, डावी भिंत ओळंब्यात नाही. कपाट १९ करू का?

रंधा_आणि_पटाशी:
नको, मोठा हँगर पल्ल्याला घासेल. पलंगाच्या चौकटीची जाडी कमी करा. दोन्ही बाजूंना दीड इंचांऐवजी एक इंच लाकूड, पलंग ३८ इंचांचा होईल आणि इंच परत मिळेल. गादी ३६ चीच राहू द्या.