पायथनमध्ये कीवर्ड शोधताना सुरुवात रेजेक्सपासून करावी का?

तिरपी_रेघ (धागाकर्ता):
मराठी बातम्यांच्या ढिगातून 'कर', 'पीकविमा', 'अनुदान' असे शब्द वेचायचे असतील तर नवख्यानं सरळ रेजेक्सचं (नमुना देऊन मजकूर शोधायचं) 'आरई' (re) मॉड्यूल घ्यावं, असं माझं मत. शब्द एस्केप करा (खास चिन्हं साधी अक्षरं म्हणून वाचली जावीत म्हणून), लांब आधी लावा, मध्ये उभी रेघ ('किंवा') टाकून जोडा, एकदाच कंपाइल करा (नमुना तयार करून ठेवा), फाइंडइटर (जुळण्या एकेक करून देणारं फंक्शन) फिरवा. पाच ओळींत काम. लांब आधी अशासाठी की जो पर्याय आधी जुळेल तोच हे इंजिन उचलतं. 'पीक' पुढे ठेवलात तर 'पीकविमा' हाती लागणार नाही.

वरणभात:
असहमत. आरई बॅकट्रॅकिंगवालं आहे, एकेक पर्याय ताडून बघतं, नाही जुळला की मागे येऊन पुढचा. यादी फुगली की रखडतं. आल्फ्रेड अहो आणि मार्गारेट कोरासिक या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच यावर तोडगा दिलाय: सगळ्या शब्दांचं एकच ऑटोमेटन (अक्षरागणिक पुढे सरकणारं यंत्र), मजकूर एकदाच वाचायचा. त्यासाठी पायअहोकोरासिक हे पायथन मॉड्यूल तयार मिळतं.

तिरपी_रेघ:
त्याला शब्दाची हद्द कुठे कळते? 'कर' मागितला की 'शंकर' हजर! रेजेक्सला दोन्हीकडून बॅकस्लॅश-बी (\b, शब्दाच्या हद्दीची खूण) लावलं की झालं.

काना_मात्रा:
नाही होत! करून बघा, 'शंकर' तसाच सापडेल. आरई काना, मात्रा, अनुस्वार यांना शब्दाचा भाग धरतच नाही. 'शं'वरच्या अनुस्वारापाशी त्याच्या मते शब्द तुटला, पुढचा 'कर' सुटा. 'करार'चीही तीच गत, तिथे काना आडवा येतो. इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्यांना हे दिसतच नाही. हद्द आपणच आखायची, आधी-नंतर देवनागरी चिन्ह नसेल तरच जुळवायचं:

(?<![ऀ-ॿ])कर(?![ऀ-ॿ])

नाहीतर आरईऐवजी पिपवरून (पायथनची मॉड्यूलं बसवायचं साधन) 'रेजेक्स' (regex) नावाचं वेगळं मॉड्यूल घ्या, ते काना-मात्रा शब्दातच धरतं.

वरणभात:
वा! म्हणजे आता 'करावर', 'करातून' गळाले. बातमीत नुसता 'कर' येतो किती वेळा?

काना_मात्रा:
गळणारच. पुढे करा(?:चा|ची|वर|तून) अशी रूपं जोडावी लागतात. (त्यात 'कराची' शहरही येतं, ते संदर्भाशिवाय कुणालाच वेगळं काढता येणार नाही.)

वरणभात:
एका शब्दाची दहा रूपं, म्हणजे दोनशेची यादी दोन हजारांवर. मी वर वेगळं काय म्हणत होतो?

तिरपी_रेघ:
दोन हजारांना आरई रखडतं हे आधी टाइमइट (वेळ मोजणारं मॉड्यूल) लावून दाखवा. रोजच्या शंभरेक बातम्यांसाठी मी तरी ऑटोमेटन बांधत बसणार नाही.