आईने मुलांवर वाटणीचा दावा लावावा का?

नाशिकरोडची लेक (धागाकर्ती):
निफाड तालुक्यातील आमच्या नात्यातल्या एका काकूंनी, वयाच्या 68 व्या वर्षी, दोन्ही मुलांविरुद्ध वाटणीचा दावा दाखल केला आणि भाऊबंदांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. काका 2021 मध्ये मृत्युपत्र न करता गेले. मागे वडिलोपार्जित आठ एकर द्राक्षबाग, दोन मुलगे आणि एक मुलगी. वर्षश्राद्ध झाले आणि दुसऱ्याच दिवशी मुलांनी हक्कसोड पत्र पुढे केले. त्यात 'राजीखुशीने व विनामोबदला' हे शब्द आधीच टंकलेले होते, आणि काकू ठसठशीत सही करतात हे घरात सर्वांना ठाऊक असूनही शेजारी अंगठ्यासाठी शाईची डबी मांडून ठेवली होती. काकूंनी सही केली नाही. माझ्या मते त्यांचे काहीही चुकले नाही. 1937 च्या कायद्याने विधवेला दिलेला हक्क हयातीपुरताच होता. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 ने मात्र तिला पूर्ण मालकीण केले.

द्राक्षवाला, पिंपळगाव:
कायद्याबद्दल माझा वाद नाही, पण बाग म्हणजे बँकेतली मुदत ठेव नव्हे. विहीर एक, ठिबकची मुख्य वाहिनी एक, सोसायटीच्या कर्जाचा बोजा साऱ्या गटावर. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि अवकाळी पाऊस झाला की मध्यरात्री उठून फवारणी, हे सारे मुलांनीच केले ना? दावा लागला की पुढचे कर्ज अडते आणि निकालाला वर्षे लागतात. शिवाय आईचा वाटा शेवटी फिरून मुलांकडेच येणार असेल, तर मध्ये कोर्ट कशाला?

वकिली करणारा, गंगापूर रोड:
वाटा किती, हे आधी पाहू. आपल्याकडील परंपरेप्रमाणे बाप-मुलांच्या वाटणीत पत्नीलाही मुलाइतका हिस्सा मिळतो, आणि मृत्यूच्या क्षणापूर्वी अशी वाटणी झाली असे कायदा मानतो. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्कदार) असल्याने पाच जणांचे पाच हिस्से. काकांचा एकपंचमांश पुन्हा चौघा वारसांत. म्हणजे काकूंना एकपंचमांश अधिक विसावा हिस्सा, अर्थात नेमका चौथा हिस्सा: दोन एकर. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये हीच रीत मान्य केली. तेथे पती 1960 मध्ये वारले होते, मुली सहदायाद नव्हत्या, म्हणून विधवेचा हिस्सा 24 पैकी 7 आला. न्यायालय हिस्सा ठरवते. शेतसारा असलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष सरस-निरस (जमिनीचा कस पाहून) वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, त्यामुळे विहिरीचा प्रश्न तेथे मांडता येतो.

नाशिकरोडची लेक:
'फिरून मुलांकडेच' हे गृहीतकच चुकीचे आहे. काकूंच्या पश्चात कलम 15 प्रमाणे मुलगा आणि मुलगी समान वारस आहेत, आणि मृत्युपत्र केले तर त्या आपला हिस्सा एकट्या लेकीलाही देऊ शकतात. मुलांना भीती आईची नाहीच, बहिणीची आहे. तिच्याही हक्कसोडीचा कागद त्याच दिवशी तयार होता.

द्राक्षवाला, पिंपळगाव:
बहिणीचा मुद्दा मी टाळला, हे मान्य. माझ्याही घरी बहिणींनी सह्या दिल्या आहेत, आणि तेव्हा मी त्यांना काही विचारले नव्हते. तरीही बाग तोडू नये, या मताला मी धरून आहे. जमीन एकत्र ठेवावी, उत्पन्नातून खर्च वजा जाता आईचा चौथा हिस्सा दरवर्षी तिच्या खात्यात जमा व्हावा आणि तसा तडजोड हुकूमनामा (दोन्ही बाजूंच्या संमतीने कोर्टाचा हुकूम) घ्यावा.

नाशिकरोडची लेक:
काकूंनी दाव्यापूर्वी हेच सुचवले होते. मुले तयारही झाली. फक्त खाते थोरल्याच्या नावासह संयुक्त असावे आणि पासबुक त्याच्याकडे राहावे, एवढीच त्यांची अट होती. त्यानंतरच काकू नाशिकला वकिलाकडे आल्या.