अंत्यविधीची सरकारी मदत: सगळ्यांना सारखी रक्कम, की ज्याच्या त्याच्या विधीप्रमाणे?

रामबागकर
आपल्याकडे मध्य प्रदेशात, असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी संबल योजनेत नाव असलेला कामगार वारला, की घरच्यांना अंत्येष्टीसाठी ५००० रुपये मिळतात. योजना चांगली आहे, पण रक्कम सारखी म्हणजे न्याय सारखा असं मला वाटत नाही. सरपण, गोवऱ्या, तूप यांचा खर्च वेगळा, विद्युतदाहिनीचा वेगळा, कबर खणणं, फळ्या आणि कफन यांचा वेगळा.

मृतदेहाचा सन्मान राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये (जगण्याच्या हक्कात) येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं. २००२ मध्ये आश्रय अधिकार अभियानाच्या प्रकरणात बेघर माणसालाही त्याच्या धर्माप्रमाणे सन्मानाचा अंत्यविधी मिळावा, हे मान्य झालं. बेवारसाचा धर्म पाहायचा आणि ज्याला घरचे आहेत पण हातात पैसा नाही, त्याचा पाहायचा नाही? ज्या गोष्टीवाचून त्या धर्मात विधी होतच नाही, तेवढा खर्च सरकारने उचलावा. तेराव्याच्या पंगतीचं मी बोलत नाहीये.

सुदामानगरी
दादा, पूर्ण असहमत. 'ज्यावाचून विधी होतच नाही' हे ठरवणार कोण? झोन कार्यालयातला बाबू? भटजींना विचारलं तर दहावं-बारावंही अनिवार्यच. उद्या अस्थी ओंकारेश्वरला न्यायच्या की उज्जैनला क्षिप्रेत, त्याच्या गाडीभाड्याचाही अर्ज येईल, आणि कोणाचा मंजूर, कोणाचा नामंजूर यावरून वस्तीत भांडणं होतील. घरात दुःख असताना सरकारने धर्माची चौकशी करणं मला अपमानास्पद वाटतं. पैसे द्या आणि बाजूला व्हा. हवी तर रक्कम वाढवा.

शिवाय अनुच्छेद २७ आहे: एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर घेता येत नाही.

रामबागकर
अनुच्छेद २७ इथे लागू होत नाही. प्रफुल्ल गोराडिया प्रकरणात (२०११) हज अनुदानाला याच मुद्द्यावर आव्हान दिलं होतं. कराचा थोडासा भाग एखाद्या धर्माच्या लोकांसाठी खर्च झाला म्हणून २७ चा भंग होत नाही, असं न्यायालय म्हणालं. आणि माणूस पुरणं-जाळणं म्हणजे धर्मप्रसार कसा हो?

सुदामानगरी
हज अनुदान टिकलं हे खरं. पण २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने ते दहा वर्षांत संपवायला सांगितलं आणि २०१८ मध्ये ते बंद झालं, तेही सांगा न.

परदेशी_इंदूरकर
मी इंग्लंडमध्ये असते, म्हणून इथलं सांगते. इथे गरिबांना अंत्यविधीसाठी सरकारी मदत मिळते. दफनाची किंवा दहनाची फी वेगळी भरली जाते आणि बाकीच्या खर्चाला २०२० पासून १००० पौंडांची मर्यादा आहे. म्हणजे दोन विधींचा फरक इथे फीमध्येच धरला आहे, बाबूला धर्मशास्त्र वाचावं लागत नाही.

खरा वाद झाला तो परदेशातल्या दफनावरून. इथल्या एका आयरिश कामगाराने मुलाला आयर्लंडमध्ये पुरलं म्हणून सरकारने त्याला मदत नाकारली. १९९६ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला, मात्र रक्कम ब्रिटनमधल्या नेहमीच्या खर्चाइतकी मर्यादित ठेवायला परवानगी दिली. नंतर युरोपबाहेरून आलेल्या कुटुंबांनी तोच मुद्दा मानवी हक्कांच्या आधारे मांडला आणि २००६ मध्ये ती एस्फंदियारी प्रकरणात हरली. योजनेचा हेतू ब्रिटनमध्ये साधा, सन्मानाचा अंत्यविधी व्हावा एवढाच आहे, असं अपील न्यायालय म्हणालं.

मला तो निकाल मनाला पटत नाही. आयर्लंडला चालतं आणि ढाक्याला नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पण 'मूळ खर्चाइतकंच' हे सूत्र दादांच्या मागणीला उपयोगी आहे.

नाथाची_लेक
चर्चा हिंदू जाळतात आणि इतर पुरतात अशी चालली आहे, म्हणून लिहिते. आम्ही नाथपंथी. आमच्यात समाधी देतात, बसवून. लिंगायतांतही दफनच, गोसाव्यांतही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मुक्तिधामात (स्मशानात) 'हिंदू असून पुरता कशाला' असं ऐकावं लागलं. आम्हाला पैशाची अडचण कमी होती, जागेची जास्त. ५००० चे १०००० केले तरी चार हात जमीन कुठून आणायची?

सुदामानगरी
ताई, हे मान्य. जमीन देणं सरकारचं काम आहे. ते पैशाने सुटत नाही.

जूनी_इंदूर
जागेवरून बस्तरचं प्रकरण आठवतं. छिंदवाडा गावातले एक ख्रिस्ती पास्टर ७ जानेवारी २०२५ ला वारले. गावात पुरायला विरोध झाला आणि देह वीस दिवस शवागारात राहिला. २७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. नागरत्ना म्हणाल्या, कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात पुरू द्या. न्या. शर्मा म्हणाले, ख्रिस्ती दफनभूमीतच पुरा. शेवटी आणखी थांबायला नको म्हणून वीसेक किलोमीटरवरच्या करकापालला दफन करायचा आदेश दोघांनी मिळून दिला. त्या पास्टरांच्या मुलाला कोणी ५००० काय, ५०००० दिले असते तरी बाप गावात पुरता आला नसता.

रामबागकर
म्हणून मागणीत बदल करतो. दहन असो वा दफन, मूळ फी महापालिकेने माफ करावी. ५००० कुटुंबाच्या हातात राहू द्यावेत, त्यावर प्रश्न विचारू नयेत. आणि समाधी देणाऱ्यांसाठी शहराच्या आराखड्यात जागा राखून ठेवावी.

सुदामानगरी
पहिल्या दोन्हींवर माझी सही घ्या. तिसऱ्यात जातीपंथाची नावं घालणार असाल तर नाही. 'दफनाची सार्वजनिक भूमी, कोणालाही खुली' असं लिहा.

नाथाची_लेक
कोणालाही खुली म्हटलं, की आधी कोण भरेल ते मला माहीत आहे. नावं घाला.