चर्चा: दाता देशांनी युनिडोची वर्गणी भरावी, की पैसा थेट कारखान्यांच्या भट्ट्यांना द्यावा?

महापेकर

युनिडो ही संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना. स्थापना १९६६ ची, मुख्यालय व्हिएन्नात, १९८५ पासून स्वतंत्र विशेष संस्था. तिच्यातून कॅनडा १९९३ अखेर बाहेर पडला, अमेरिका १९९६ अखेर, ब्रिटन २०१२ अखेर आणि फ्रान्स २०१४ अखेर. ब्रिटनने २०११ मध्ये आपल्या बहुपक्षीय मदतीचा आढावा घेतला. त्यात पैशाच्या मोबदल्यात कमी काम करणाऱ्या संस्थांमध्ये युनिडोचं नाव आलं आणि वर्गणी थांबली.

माझं मत स्पष्ट आहे. हे देश बाहेर पडले ते चूक झालं, आणि उरलेल्यांनी, विशेषतः जर्मनी आणि जपानने, नियमित वर्गणी वाढवायला हवी.

युनिडोकडे पैसा दोन वाटांनी येतो. एक, प्रत्येक सदस्याला ठरवून दिलेली वर्गणी. दुसरा, ऐच्छिक निधी, जो बहुतेक वेळा एखाद्या प्रकल्पालाच बांधलेला असतो. भट्टी, सांडपाणी, शीतकवायू यांतले कायमचे जाणकार नियमित वर्गणीवर टिकतात. प्रकल्पाचा पैसा प्रकल्पाबरोबर संपतो, आणि माणसंही जातात. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या किंवा तळोज्यातल्या छोट्या कारखानदाराने चार वर्षांनी प्रश्न विचारला, तर उत्तर द्यायला कोणीतरी जागेवर असायला हवं.

वागळे_भट्टी

महापेकर, ठाण्याच्या कारखानदाराला व्हिएन्नातला जाणकार कधी भेटतो ते आधी बघा. जागतिक पर्यावरण निधीच्या पैशातून युनिडोने बीईईबरोबर, म्हणजे केंद्राच्या ऊर्जाबचत संस्थेबरोबर, लघुउद्योगांच्या ऊर्जाबचतीचा प्रकल्प केला, त्यात सुरुवातीला कारखान्यांचे १२ समूह होते. जामनगरचं पितळकाम, जालंधर आणि नागौरची हत्यारं, खुर्जा, थानगढ, मोरबी इथली चिनीमाती, बेळगाव, कोइम्बतूर, इंदूरच्या फाउंड्र्या, शिवाय गुजरात, केरळ, सिक्कीमच्या डेअऱ्या. त्या बारांत महाराष्ट्रातला एकही नाही. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात जिथे झाली त्या वागळे इस्टेटचाही त्यात नंबर नाही.

ज्ञानाची टंचाई नाहीच मुळी. हीट ट्रीटमेंटची, म्हणजे धातूचे भाग तापवून त्यांचे गुणधर्म बदलणारी, तेलावरची भट्टी घ्या. धुरात ऑक्सिजन ८ टक्के असेल तर ज्वलनाला लागते त्याहून जास्तीची हवा ६० टक्क्यांच्या आसपास चाललेली असते. तो ३ टक्क्यांवर आणला की ती १७ टक्क्यांवर येते. धूर ६०० अंशांवर बाहेर जात असेल, तर एवढ्यानेच साधारण १० ते १२ टक्के तेल वाचतं. हे बीईईचा कोणताही प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक सांगेल. अडतं ते बँकेत. गाळा भाड्याचा, तारण नाही, म्हणून रिक्युपरेटरला (धुराच्या उष्णतेने ज्वलनाची हवा तापवणारं यंत्र) कर्ज नाही. दाता देशाने तो पैसा इथल्या कर्जहमीत घालावा.

रबाळे_बर्नर

आकडे बरोबर, पण "कोणताही लेखापरीक्षक सांगेल" हे मान्य नाही. लेखापरीक्षक एक दिवस येतो, धुरात नळी घालतो, अहवाल देतो. गडबड पुढे होते. भट्टीच्या दाराची पॅकिंग गेलेली असते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, आणि फटीतून बाहेरची हवा शिरते. धुराड्यातला झिर्कोनिया सेन्सर ती हवा मोजतो आणि ऑक्सिजन जास्त दाखवतो. कंट्रोलर बर्नरची हवा कापतो. म्हणजे धुराड्यात ऑक्सिजन दिसतोय आणि बर्नरपाशी हवाच पुरत नाही. काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो, फिटर वैतागून कंट्रोलर मॅन्युअलवर टाकतो. तिसऱ्या महिन्यात बचत शून्य.

उपायाचा क्रम ठरलेला आहे. आधी दार आणि पॅकिंग, मग डॅम्परने (धुराड्यातली झडप) आतला दाब किंचित वर, मग सेन्सर, आणि दर काही महिन्यांनी प्रमाणित गॅसने त्याची तपासणी. रिक्युपरेटर सगळ्यात शेवटी. ज्वलनाची हवा दर २० ते २२ अंशांनी तापवली की एक टक्का इंधन वाचतं हे खरं, पण गळक्या भट्टीवर तो बसवणं वाया आहे. हा क्रम पाळायला लावणारा माणूस कर्जहमी योजनेत नसतो.

खर्चलेखा_वाशी

पैशाचं गणित कोणी मांडलं नाही म्हणून लिहितो. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था ऐच्छिक निधीवर प्रशासनाचा खर्च लावतात, तो साधारणपणे १३ टक्के. जागतिक पर्यावरण निधी एक कोटी डॉलरपर्यंतच्या प्रकल्पाला संस्थेचं शुल्क ९.५ टक्के देतो. लोक १३ टक्क्यांवर चिडतात. माझी तक्रार उलटी आहे: हे टक्के प्रत्यक्ष खर्चाला पुरत नाहीत. हिशेबतपासणी, खरेदीचे नियम, देशातली कार्यालयं यांचा उरलेला भार नियमित अर्थसंकल्पावर पडतो, आणि तो वर्षाला जेमतेम ७ कोटी युरोच्या घरातला.

म्हणजे वर्गणी बंद करून फक्त आवडीच्या प्रकल्पाला पैसे देणारा देश, वर्गणी भरणाऱ्यांच्या खर्चावर आपला झेंडा लावतो. त्या वर्गणीदारांत भारतही आहे. ऐच्छिक पैसा घ्यावा, पण पूर्ण खर्च वसूल करूनच.

तुर्भे_शीतगृह

चांगल्या रचनेचं उदाहरण या सगळ्यात सुटलं. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल कराराचा बहुपक्षीय निधी १९९१ पासून चालू आहे. युनिडो, युएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम), युनेप (पर्यावरण कार्यक्रम) आणि जागतिक बँक या चार संस्था तो राबवतात. दाता देशांचा हिस्सा ठरलेला, आणि त्यातला २० टक्क्यांपर्यंतच हिस्सा ते स्वतः द्विपक्षीय कामावर लावू शकतात. भारतातल्या एचसीएफसी, म्हणजे ओझोनला मारक रसायनं, बंद करण्याच्या कामात पुढाकार युएनडीपीचा आणि जोडीला जर्मनी, हेही सांगून ठेवतो.

हा निधी "वाढीव खर्च" तेवढाच देतो. इन्सुलेशन फोम बनवणारा कारखाना एचसीएफसी-१४१बी सोडून सायक्लोपेंटेनवर गेला, तर सायक्लोपेंटेन ज्वालाग्राही असल्यामुळे गॅस डिटेक्टर, सक्तीची हवा खेचणारी यंत्रणा, ठिणगी न उडणारी वायरिंग, जमिनीत टाकी, एवढं करावं लागतं. हा फरक मिळतो, नवी इमारत मिळत नाही. १ जानेवारी २०२० पासून १४१बी देशात बंद झाला, कारण पैसा आणि तारीख एकत्र बांधलेली होती.

वागळे_भट्टी

शीतगृह, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे कायदेशीर तारीख होती, मोजायला टनात रसायन होतं. ऊर्जाबचतीला तसं काही नाही. आणि सायक्लोपेंटेनचा सुरक्षा खर्च यंत्रं दोन असोत की वीस, फारसा कमी होत नाही. म्हणून लहान फोमवाल्यांना तो मार्ग परवडत नाही. मोठे सुटले, छोटे अडकले.

पवने_सांडपाणी

तामिळनाडूत १९९० च्या दशकात युनिडोने चर्मोद्योगाच्या सांडपाण्यावर काम केलं. त्या क्षेत्राने शिकवलेली गोष्ट आपल्या सामाईक प्रक्रिया केंद्रांनाही लागू आहे. यंत्र देणं सोपं, चालवणं कठीण. आरओ बसवला की पाण्यातली सिलिका आणि कॅल्शियम पडद्यावर बसतात. आधीची पाणी मऊ करण्याची टाकी नीट चालली नाही तर पडदे वर्षभरात बदलावे लागतात. मागे उरलेलं खारं पाणी आटवायला वाफ लागते, आणि तिचं बिल प्रकल्प अहवालात नेहमी कमी धरलेलं असतं.

त्यात दाता देशाने आपल्याच देशातलं यंत्र घ्यायची अट घातली की सुटे भाग आयातच करावे लागतात. अशा अटी काढण्याची ओईसीडीची (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) २००१ ची शिफारस अल्पविकसित देशांपुरती होती, भारत त्यात बसत नाही. म्हणून युनिडोची खुली निविदा मला द्विपक्षीय मदतीपेक्षा बरी वाटते. अट एकच हवी: यंत्राच्या किमतीबरोबर तीन वर्षांचा चालवण्याचा आणि तपासणीचा खर्च.

महापेकर

पवने, तीन वर्षांची अट मला मान्य, फक्त ती नियमित अर्थसंकल्पातून व्हावी. नाहीतर दाता गेला की ती पहिली कापली जाईल. युनिडोच्या घटनेप्रमाणे बाहेर पडण्याची सूचना दिल्यावर पुढच्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत सदस्यत्व राहतं आणि त्या वर्षाची वर्गणी देणं लागतं. एवढी मुदत भट्टीची पॅकिंग आणि सेन्सर सांभाळायला पुरते, नवा समूह उभा करायला नाही.

वागळे_भट्टी

अमेरिका गेली तेव्हा थकबाकी मागे ठेवून गेली. घटनेतल्या कलमावर तीन वर्षांची देखभाल टांगू नका. हमीची रक्कम भारतीय बँकेत आधी जमा करा, मग कोण सदस्य राहतो याची काळजी रबाळ्याच्या कारखानदाराला करावी लागणार नाही.