मदत हवी आहे : आन्सी गावातून चालत गाठता येईल असा शांत कॅम्पिंग तळ

नमस्कार. फ्रान्समधील आन्सी या सरोवराकाठच्या गावी जूनच्या अखेरीस तंबू घेऊन राहण्याचा आमचा विचार असून सोबत दोन लहान मुले आणि माझ्या सासूबाई असतील. पॅरिसहून रेल्वेने येऊन पुढे गाडी भाड्याने घ्यायची नसल्यामुळे जुन्या गावातील कालवे, रविवारचा बाजार आणि सरोवराचा काठ येथे पायी पोहोचता यावे, ही आमची मुख्य अट आहे. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी सरोवरावर आतषबाजीचा मोठा उत्सव असतो, म्हणून ते दिवस आम्ही मुद्दाम टाळले आहेत.

सेमनो डोंगराच्या उतारावरील ‘ल बेल्वेदेर’ हा तळ जुन्या गावाला जवळ आहे. मात्र परतीची वाट चढाची असल्याने सासूबाईंच्या गुडघ्यांची मला खरोखर काळजी वाटते. पश्चिम काठावरील सेव्रिये येथेही तळ आहेत आणि जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सपाट सायकलमार्ग तेथून थेट आन्सीला येतो, पण ते अंतर सुमारे 5 किलोमीटर असून काठाने मोठा रस्ताही जातो.

यांपैकी कोठे कोणी मुलांसह राहिले असल्यास कृपया सांगावे : रात्री झोप मोडेल इतका वाहनांचा आवाज येतो का, झाडांच्या सावलीतील तंबूची जागा आरक्षण करताना मागून घेता येते का, आणि बेल्वेदेरचा चढ वयस्कर व्यक्तीला सावकाश चालून रोज जमेल का?