लेबर्ड म्हणजे मेहनती नव्हे!

परवा एक भाषांतर करताना सपशेल तोंडावर आपटलो. मूळ वाक्य होतं की या लेखकाचा विनोद 'लेबर्ड' आहे, आणि मी घाईघाईत लिहून टाकलं 'लेखकाने विनोदावर भरपूर मेहनत घेतली आहे'. म्हणजे परीक्षण लिहिणाऱ्याने हाणली होती चपराक, मी तिची शाबासकी करून टाकली. तपासणाऱ्या बाईंनी काही न लिहिता समासात नुसतं एक उद्गारचिन्ह काढून कागद परत पाठवला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तर 'लेबर' म्हणजे कष्ट हे ठीक, पण 'लेबर्ड' म्हटलं की कष्ट दिसतायत, नको तिथे दिसतायत, असं सांगायचं असतं. डॉक्टर 'लेबर्ड ब्रीदिंग' लिहितात तेव्हा पेशंट श्वास घ्यायला मेहनत करतोय असं कुणी म्हणत नाही, आपण म्हणतो धाप लागलीये, श्वास ओढून घेतोय. विनोदाचं, भाषणाचं, कवितेचं तेच, वाचणाऱ्याला आतली धाप ऐकू यायला लागली की ते लेबर्ड. याचा सख्खा भाऊ 'स्ट्रेन्ड'. स्ट्रेनचं मूळ लॅटिन स्ट्रिंगेरे, म्हणजे ताणणे, आवळणे, आणि मराठी इथे अगदी बरोबरीने चालते: ताणलेले संबंध, ताणलेला आवाज, ताणलेला स्नायू. फक्त 'स्ट्रेन्ड स्माइल'ला ताणलेलं हसू म्हणू नका प्लीज, ते रबरी वाटतं, त्याला 'उसनं हसू' हा फर्स्टक्लास शब्द आहे.

आता 'टॉइल'. डिक्शनरीत अर्थ बघितला तर 'काबाडकष्ट' आणि ते बरोबरच आहे, पण याचं मूळ भारी आहे. लॅटिनमधे टुडिक्युला नावाचं ऑलिव्ह चेचायचं यंत्र होतं, त्यावरून क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधे जाऊन ढवळणे-घुसळणे झालं, इंग्लिशमधे आधी झटापट आणि मग मरमर काम. म्हणजे थेट आपला घाण्याला जुंपलेला बैल की! त्यांच्या 'ग्राइंड'मधेही तेच जातं आहे, आणि आपल्याकडेही माणूस कामात भरडला जातो, पिचून जातो. (दळण मात्र आपण कामाला लावलं नाही, ते तेच तेच बोलणाऱ्यांसाठी राखून ठेवलंय, हे छान केलं.) टॉइल हल्ली बोलताना फारसं कुणी वापरत नाही, जरा भरजरी शब्द आहे. चर्चिलचं 13 मे 1940 चं भाषण सगळ्यांना 'रक्त, घाम आणि अश्रू' म्हणून आठवतं, पण त्याने चार गोष्टी सांगितल्या होत्या, ब्लड, टॉइल, टीअर्स आणि स्वेट. लोकांच्या आठवणीतून नेमके कष्टच गळाले!

रोजच्या बोलण्यातला शब्द म्हणजे 'स्लॉग'. हा 19व्या शतकातला, मूळ अर्थ जोरात हाणणे, म्हणून तर क्रिकेटमधे स्लॉग ओव्हर्स. हाणण्यावरून रेटून काम करण्यावर कसा गेला ते कळायला फार अवघड नाही, मराठीतही आपण अभ्यास 'हाणतो', काम 'ठोकून काढतो'. तरी फरक आहे, आपलं हाणणं उत्साहाचं असतं आणि त्यांच्या स्लॉगमधे कंटाळा आणि चिकाटी दोन्ही आहे, संपतच नाहीये पण मी सोडणार नाहीये असं काहीतरी. मला 'रेटणे' सगळ्यात जवळचं वाटतं.

पण या सगळ्यात माझा लाडका शब्द आहे 'ट्रॅव्हेल', म्हणजे यातना, कष्ट, प्रसूतीच्या कळासुद्धा. व्युत्पत्ती सांगणारे याचं मूळ ट्रिपालियम या लॅटिन शब्दात दाखवतात, तीन खुंटांचं छळ करायचं साधन. फ्रेंचमधे त्याची धार जाऊन नुसतं 'काम' उरलं, आज तिकडे कुणीही सकाळी उठून त्राव्हायला जातो. इंग्लिशमधे वेगळीच गंमत झाली, जुन्या काळी प्रवास इतका हालाचा होता की कष्टाच्या या शब्दातूनच 'ट्रॅव्हल' म्हणजे प्रवास निघाला. आणि आता आपलं 'यातायात' बघा! संस्कृतात नुसतं जाणं-येणं, हिंदीत अजूनही वाहतूक, आणि मराठीत? 'केवढी यातायात केली तेव्हा कुठे काम झालं.' त्यांचा कष्टातून प्रवास झाला, आपल्या प्रवासातून कष्ट. हेलपाटे आणि पायपीट आहेतच सोबतीला. हे लक्षात आलं त्या दिवशी मी एकटाच बराच वेळ हसत बसलो होतो.

कामाला दुःखाचं नाव द्यायची खोड फक्त तिकडची नाही हे पण सांगायला हवं. 'कष्ट' संस्कृत-हिंदीत पीडा, आपल्याकडे ते उपसायचे असतात. 'श्रम'च्या धातूचा अर्थच थकणे. आणि ज्या 'मेहनती'वरून माझी फजिती झाली तीसुद्धा अरबी 'मिहना', म्हणजे कसोटी, संकट. खलिफा अल-मामूनने 833 मधे धर्ममतांची सक्तीची चौकशी सुरू केली तिला इतिहासात हेच नाव आहे. 'मशक्कत' म्हणजे त्रास, तिचीच मराठीत 'मशागत' झाली आणि ती जमिनीच्या वाट्याला गेली. जर्मन 'आर्बाइट'सुद्धा पूर्वी हालअपेष्टाच.

जाता जाता एक, 'पेन्सटेकिंग' हा शब्द पेन्स आणि टेकिंग असा फोडायचा, पेन आणि स्टेकिंग नाही, मी कित्येक वर्षं दुसरंच वाचत होतो. त्याला 'कष्टदायक' म्हणू नका, 'काटेकोर', 'कसोशीने केलेलं' म्हणा, यात तक्रार नाही, कौतुक आहे. म्हणजे लेबर्डच्या बरोब्बर उलटं.

माझं वाक्य शेवटी 'विनोद ओढूनताणून केलेला आहे' असं झालं, बाईंनी पास केलं. 'ड्रजरी' मात्र अजून अडलीये. 'हमाली' लिहिलं तर अंगावरचं ओझं येतं पण रटाळपणा येत नाही, 'पाट्या टाकणे' लिहिलं तर दोष करणाऱ्याकडे जातो, आणि ड्रजरीत दोष कामाचा असतो, माणूस बिचारा इमानदारीत राबत असतो. सध्या 'रटाळ राबणूक' असं काहीतरी पेन्सिलने लिहून ठेवलंय, पण ते वाचतानाच लेबर्ड वाटतंय. कुणाला सुचतंय का काही?