बर्लिनची ती 'नववी': तुम्ही कधी ऐकलीत?

खिडकीतली: काल माळा आवरताना बाबांची सीडी सापडली. बीथोवनची नववी सिम्फनी, संचालक लेनर्ड बर्नस्टाइन, २५ डिसेंबर १९८९, पूर्व बर्लिन. बर्लिनची भिंत उघडून जेमतेम दीड महिना झालेला. वाद्यवृंद बव्हेरियन रेडिओचा, जोडीला ड्रेस्डेन, लेनिनग्राड, लंडन, न्यूयॉर्क, पॅरिसचे वादक. म्हणजे महायुद्धानंतर बर्लिन वाटून घेणारे चौघेही (सोव्हिएत संघ, ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स) हजर! गाणं येतं ते शेवटच्या, चौथ्या भागात: बास (खर्जातला) गायक एकटाच 'फ्रॉइडे' (आनंद) ऐवजी 'फ्रायहाइट' (स्वातंत्र्य) अशी हाक घालतो आणि मागून कोरसचे पुरुष ओ देतात. बाबा तेवढ्यासाठी पेपर खाली ठेवायचे. तुमचेही अनुभव लिहा.

रस्साभाकर: पहिले तीन भाग न ढकलता ऐकलेत का कोणी? खरं सांगा 😀

तिरकस: मी ऐकलेत. तिसरा भाग केवढा संथ, मध्ये चहा होतो. आणि शब्द बदलायला नको होता. ज्याची कविता यात गातात त्या शिलरने आधी 'स्वातंत्र्य'च लिहिलं होतं या कथेला पुरावा नाही.

खिडकीतली: @तिरकस पुरावा नसेना का. त्या दिवशी, त्या गावात दुसरं काय गाणार?

म्युनिकची सून: ऑफिसातली एक बाई पूर्व बर्लिनची. तिला मोठ्या उत्साहाने विचारलं, तर म्हणे कसली कॉन्सर्ट, आम्ही पलीकडे मावशीकडे जेवायला गेलो होतो.

रस्साभाकर: मावशी जिंकली.

दाइकुवाली: टोकियोहून. इथे डिसेंबर म्हणजे नववीच, 'दाइकु' म्हणतात. हौशी कोरसमध्ये आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते. जर्मनचा गंध नाही, देवनागरीत लिहून पाठ केलं, शेजारची जपानी काकू काताकाना लिपीत. सोप्रानोंना (वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांना) वरचा सूर इतका वेळ धरावा लागतो की बिचाऱ्या लालबुंद होतात. जपानात ती पहिल्यांदा पूर्ण वाजली १ जून १९१८ ला, बांदोच्या छावणीत, जर्मन युद्धकैद्यांकडून. बायकांचे सूरही पुरुषांनीच गायले.

नाट्यवेडा: आपल्याकडे तेव्हा बालगंधर्व जोरात!

मुक्काम नाशिक: बर्नस्टाइन पुढच्याच ऑक्टोबरात गेले ना? सिगारेट. आमचे काका पण तसेच. असो.

रस्साभाकर: त्या सीडीच्या एका आवृत्तीबरोबर भिंतीचा तुकडा द्यायचे. बघा, माळ्यावर असेल.

खिडकीतली: माळ्यावर तुकडे भरपूर आहेत, आमच्याच स्लॅबचे. सीडी प्लेअर दुरुस्त करणारं कोणी आहे का पुण्यात? ट्रे बाहेरच येत नाही.

मुक्काम नाशिक: बेल्ट ढिला झाला असेल. @दाइकुवाली, तिकडे कोकम मिळतं का? भाची चाललीय एप्रिलमध्ये.

दाइकुवाली: नाही हो! तिच्याबरोबर पाठवाच, आणि गोडा मसालाही.